एका रुपयाचा डाव

खेळ हा विषय आपल्या बैठकांत आणि अंकांत क्वचितच येतो. आला तरी मुलींना मैदान मिळावं, क्रीडाशिक्षिका नेमल्या जाव्यात, अशा मागण्यांच्या रूपात येतो. त्या मागण्या रास्तच आहेत. पण मला आज लिहायचं आहे ते निव्वळ बिनकामाच्या खेळाबद्दल. ज्यातून पदक मिळत नाही, तब्येत सुधारत नाही, चार पैसे सुटत नाहीत आणि संस्कारही होत नाहीत, असा खेळ. १९८० च्या दशकात नाणं टाकून खेळायची व्हिडिओ गेमची कपाटं जगभर पसरली आणि पुढे सातारा-सांगलीसारख्या गावांपर्यंतही पोचली. "हा काय आपल्या चळवळीचा विषय झाला?" असं काहीजणींना वाटेल. माझं म्हणणं असं, की बाईचा वेळ कुणाच्या मालकीचा, या आपल्या जुन्याच प्रश्नापर्यंत हा विषय सरळ जाऊन पोचतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साधेपणात काय होतं?

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. माणसाच्या उंचीचं लाकडी कपाट, त्यात टीव्हीसारखा पडदा, खाली एक दांडी आणि एकदोन बटणं. खाचेत नाणं टाकलं की डाव सुरू. १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इनव्हेडर्स' तयार केला. वरून रांगारांगांनी परग्रहावरचे शत्रू उतरतात, खालून आपण गोळ्या झाडायच्या. शत्रू कमी होतील तसतसे ते जास्त वेगानं येतात. याचं कारण मोठं गमतीचं आहे. एवढी सगळी चित्रं एकदम हलवणं त्या यंत्राला झेपत नसे. चित्रं कमी झाली की ते भरभर चाले. यंत्राच्या दुबळेपणातूनच खेळाला रंगत आली.

१९८० मध्ये 'पॅक-मॅन' आला. एक पिवळं तोंड, चक्रव्यूहासारख्या गल्ल्या, त्यांत २४० ठिपके आणि कोपऱ्यांकडे चार मोठे गोळे, मागे लागलेली चार भुतं. ठिपके खायचे, भुतांना चुकवायचं, मोठा गोळा खाल्ला की थोडा वेळ आपणच भुतांच्या मागे लागायचं. नियम संपले. १९८१ चा 'फ्रॉगर' तर याहून सोपा. बेडकाला रहदारीचा रस्ता आणि नदी ओलांडून घरी पोचवायचं. साताऱ्याचा पोवई नाका हातात पिशव्या घेऊन ओलांडलेल्या कुठल्याही बाईला तो शिकवावा लागणार नाही.

या खेळांची ओढ कशात होती याचा विचार करताना मला चार गोष्टी दिसतात. पहिली, अक्षरओळख लागत नव्हती. पडद्यावरच्या सूचना इंग्रजी असल्या तरी त्यांच्यावाचून अडत नसे. शेजारी उभं राहून पाहणाऱ्याला दोन मिनिटांत खेळ कळे. दुसरी, सगळ्यांची सुरुवात सारखी. साहेबाच्या मुलाला आणि हमालाच्या मुलाला जीव तीनच. रुपया देऊन ताकद विकत मिळत नसे, आणखी एक डाव तेवढा मिळे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ते यंत्र लहरी नव्हतं. पॅक-मॅनमधली चार भुतं रंगानं वेगळी आणि स्वभावानंही वेगळी. तांबडं सरळ पाठीशी लागतं. गुलाबी आपल्या पुढची जागा हेरून वाट अडवतं. नारिंगी जवळ येतं आणि पुन्हा लांब पळतं. हे एकदा ओळखलं की भीती कमी होते आणि डाव टिकतो. ज्या घरात कुणाचा पारा कधी चढेल याचा नेम नसतो, त्या घरातल्या मुलीला असं नियमानं चालणारं जग, मग ते वीतभर पडद्यापुरतं का असेना, किती मोलाचं वाटेल याचा विचार करा.

चौथी, इथं हार सगळ्यांचीच होती. या खेळांना जिंकून संपवण्याची सोय नव्हती. पॅक-मॅनची २५६ वी पातळी कुणी गाठलीच तर यंत्राची मोजणी कोलमडे आणि अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्यानं भरून जाई. म्हणजे हरणं ठरलेलंच. किती वेळानं आणि किती मजेनं हरायचं एवढंच आपल्या हातात. आणि हरल्यावर कुणी रागवत नसे. चुकण्याची अशी मोकळीक बाईला किती ठिकाणी मिळते? आपल्याकडे भाकरी करपली तर माहेरच्या तीन पिढ्यांचा उद्धार होतो.

दार कुणाला उघडं होतं?

वर मी साहेबाचा 'मुलगा' आणि हमालाचा 'मुलगा' म्हटलं ते मुद्दाम. साताऱ्यात मी शाळेत होते तेव्हा आमच्या वाटेवर असं एक पार्लर होतं. रुपयाला एक डाव. बाहेर सायकली, आत अंधार, सिगारेटचा वास आणि पोरांचा गलका. मुलींनी आत येऊ नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. असल्या गोष्टी लिहाव्या लागत नाहीत. मुलगी दारात उभी राहिली की आतल्या वीस माना वळत, तेवढं पुरे. भावाला जेवायला हाक मारायला जायचं काम माझ्याकडे होतं. तो "थांब, एक जीव राहिलाय" म्हणे, तेवढ्या वेळात दारातून जे दिसेल तेवढा माझा पॅक-मॅन.

पुढे सांगलीला आले तिथंही चित्र वेगळं नव्हतं. तोवर पार्लरांत मारामारीचे खेळ वाढले होते. १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स' हा खेळ तर त्यातल्या एका पात्रावरून पोरांमध्ये 'मुस्तफा' याच नावानं ओळखला जाई. त्यात खेळणाऱ्यानं निवडायची चार पात्रं होती आणि त्यांतली एक बाई होती. पडद्यावरच्या बाईला आत प्रवेश होता, दारातल्या मुलीला नव्हता.

जत्रेत मात्र थोडी सवलत असे. पाळण्याशेजारच्या तंबूत दोनतीन यंत्रं मांडलेली असत आणि आई-मावशीचा हात धरून आलेल्या मुलींना एखादा डाव मिळे. म्हणजे मुलीच्या खेळाला सोबत लागते, निमित्त लागतं, वर्षातला ठरलेला दिवस लागतो. पोरांना फक्त रुपया लागे.

खेळ मुळात मुलींसाठी होता

यातली विसंगती अशी, की पॅक-मॅन मुळात मुलींना डोळ्यांसमोर ठेवून केला होता. तो रचणारे तोरू इवातानी यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे, की त्या वेळची जपानमधली गेम सेंटरं म्हणजे पुरुषांचे अड्डे होते. तिथं मुलींनी, जोडप्यांनी यावं म्हणून त्यांनी गोळीबार टाळला आणि खाण्यावर खेळ बसवला. मुलींना काय आवडतं, तर खायला, गोडधोड, असा त्यांचा हिशेब. यावर आपल्याला हसू येईल. पण एक गोष्ट मानायला हवी. बायका इथं का येत नाहीत, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी बायकांच्या अंगी शोधलं नाही. त्यांनी त्या जागेत आणि तिथल्या खेळांत शोधलं. आपल्याकडे ग्रामसभेला बायका का येत नाहीत यावर अजूनही "त्यांनाच आवड नाही" असं उत्तर मिळतं. पॅक-मॅनचं कपाट आमच्या गावापर्यंत आलं. त्यामागचा विचार वाटेतच कुठंतरी उतरून गेला.

अमेरिकेत अटारी कंपनीत १९८१ साली 'सेंटिपीड' तयार झाला. तो रचणाऱ्या दोघांपैकी एक डोना बेली. नाण्यावर चालणाऱ्या खेळांच्या विभागात प्रोग्रॅम लिहिणारी ती त्या वेळी एकटीच बाई होती. दांडीऐवजी तळहाताखाली फिरणारा गोळा, पडद्यावर फिक्कट, वेगळेच रंग आणि मशरूमांच्या रानातून वळवळत उतरणारी गोम. हा खेळ बायकांना फार आवडला. बेली मात्र थोड्याच काळात तो धंदा सोडून गेली. ऑफिसात एकटी बाई म्हणून दिवस काढलेल्या मैत्रिणींना यावर भाष्य नको.

त्याच वर्षीच्या 'डाँकी काँग'मध्ये माकड बाईला पळवून वर नेऊन ठेवतं आणि गडी शिड्या चढून तिला सोडवतो. बाईचं काम वर उभं राहून मदतीसाठी हाका मारायचं. हे कथानक आपल्याला नवं नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका खेळ-रचनाकाराला त्याच्या तीन वर्षांच्या मुलीनं विचारलं, की मी ती बाई होऊन त्या माणसाला सोडवू शकते का? बापानं रात्र जागून खेळात तसा बदल करून दिला. तीन वर्षांच्या पोरीला जे सहज सुचलं ते सुचायला त्या धंद्यातल्या मोठ्या माणसांना किती वर्षं लागावीत!

कुमारी, सौभाग्यवती की श्रीमती?

१९८२ साली पॅक-मॅनची बाई आवृत्ती आली. त्याच पिवळ्या तोंडाला लाल फीत, ओठांना रंग, गालावर तीळ. झाली बाई! खेळ मात्र मूळ खेळापेक्षा सरस होता. एकाऐवजी चार चक्रव्यूह होते आणि भुतांच्या चाली पाठ करून भागत नसे. पण मला सांगायची आहे ती तिच्या नावाची कहाणी. आधी नाव ठरत होतं 'मिस पॅक-मॅन'. मग लक्षात आलं, की खेळाच्या मध्ये जी छोटी चित्रकथा दाखवली जाते त्यात दोघांना बाळ होतं. 'मिस'ला बाळ कसं? मग 'मिसेस'चा विचार झाला आणि शेवटी 'मिझ'वर गाडी थांबली. ठिपके खाणाऱ्या एका पिवळ्या तोंडाचंही लग्न झालंय की नाही, ही काळजी! ज्या 'मिझ' शब्दानं त्यांची अडचण सोडवली तो अमेरिकेतल्या स्त्री-चळवळीनं रूढ केलेला होता. बाईच्या नावातून तिचं लग्न कळू नये, यासाठीच तो शब्द होता. १९७२ पासून त्या नावाचं मासिकही निघत आलं आहे.

कु., सौ. आणि श्रीमती या तीन कप्प्यांत बसवल्या गेलेल्या आपल्याला ही कहाणी परकी वाटू नये. नाव आणि नोंद यांसाठी आपल्या भागात किती झगडावं लागलं आहे! १९८० च्या दशकात सांगली जिल्ह्यात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं, कासेगावच्या इंदुताई पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांनी, नवऱ्यानं टाकलेल्या बायकांचा प्रश्न हाती घेतला. बाईची स्वतःच्या नावानं नोंद, स्वतःचं रेशनकार्ड, स्वतःच्या नावावर घर, हेच त्या प्रश्नाच्या मुळाशी होतं. सातारा जिल्ह्यात मुलीवर मुलगी झाली म्हणून 'नकुशी' नाव ठेवलेल्या २८५ मुलींना ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर कार्यक्रमात नवी नावं मिळाली. सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी लिहायचा निर्णय महाराष्ट्रात व्हायला २०२४ साल उजाडलं.

आणि ते कपाट काय विचारत असे? चांगले गुण मिळवले की पडद्यावर तीन रिकाम्या जागा येत. तीन अक्षरं भरा. वडिलांचं नाव नको, नवऱ्याचं नको, जात नको, गाव नको. हवी ती तीन अक्षरं निवडायची आणि यादीत झळकायचं. बऱ्याच यंत्रांत रात्री वीज बंद झाली की ती यादी पुसली जाई आणि सकाळी सगळ्यांची पाटी कोरी. मी असा फॉर्म दुसरीकडे कुठंही पाहिलेला नाही. दुःख इतकंच, की तो भरायला एकही मुलगी आत नव्हती.

पण आपले खेळ होतेच की!

होते, आणि ते फार सुंदर आहेत. झिम्मा, फुगड्या, पिंगा, नागपंचमीचे झोके. सागरगोटे तर मला या यंत्रातल्या खेळांचे सख्खे भावंड वाटतात. एकच नियम, दर फेरीला वाढत जाणारी अवघड खेळी, नजर आणि हात यांचा मेळ, आणि खडा निसटला की डाव गेला. त्याला वीजही लागत नाही आणि रुपयाही.

पण त्या खेळांच्या दारातही कुणी उभं असे. मंगळागौर नव्या नवरीची. जागवायला येणाऱ्या सवाष्णी आणि मुली. विधवेला बोलावणं नाही, टाकलेलीला बोलावणं नाही. तिथलं तिकीट मंगळसूत्राचं. आजच्या मंगळागौरीच्या स्पर्धांत हे थोडं सैल झालं आहे, आणि आपल्या गटांनी सगळ्याजणींना घेऊन हे खेळ मांडले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. यंत्राला नाणं चाले, ते कुणाच्या हातचं हे ते पाहत नसे. अर्थात बाजाराची ही समता रुपया असणाऱ्यापुरतीच. भावाला खाऊला रुपया मिळे, मला वाण्याकडून आणायच्या सामानाचा हिशेब द्यावा लागे. तेव्हा यंत्राचे गोडवेही बेतानंच गायला हवेत.

तुकड्यांचा वेळ

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरच्या बिनमोल कामात भाग घेणाऱ्या बायका होत्या ८१.२ टक्के आणि पुरुष २६.१ टक्के. या कामात बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं, आणि जे पुरुष करत होते त्यांचा ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बायकांचं काम दहा मिनिटांनी हललं, आणि पुरुषांचंही नऊ मिनिटांनी कमीच झालं!

आकडे जे सांगत नाहीत ते आपल्याला माहीत आहे. बाईच्या वाट्याला उरतो तो वेळ सलग नसतो, तुकड्यांचा असतो. दूध तापेपर्यंत, नळाला पाणी येईपर्यंत, एसटी लागेपर्यंत. हे साधे खेळ नेमके अशा तुकड्यांच्या मापाचे होते. दोनतीन मिनिटांत डाव संपायचा, कारण मालकाला पुढचं नाणं हवं असे. म्हणूनच १९९७ पासून नोकियाच्या फोनवर 'साप' आला आणि ते फोन घरोघरी पोचले, तेव्हा आपल्या ओळखीच्या कितीतरी बायका तो खेळताना दिसू लागल्या. बचतगटाच्या बैठकीत कोरम होईपर्यंत नवऱ्याच्या फोनवर साप वाढवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. कुणी आलं की फोन पदराखाली. चोरी केल्यासारखा चेहरा. हा चेहरा मला फार अस्वस्थ करतो. दोन मिनिटं खेळली, एवढाच गुन्हा.

बाईच्या खेळाला आपल्या समाजात मान मिळतो, पण पदक मिळाल्यावर. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी धावली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. २ नोव्हेंबर २०२५ ला विश्वचषक जिंकणाऱ्या क्रिकेट संघाची उपकर्णधार स्मृती मानधना सांगलीत वाढलेली. या मुलींचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्यांच्या फ्लेक्सखालून रोज जाणाऱ्या, कधीच पदक न मिळवणाऱ्या हजारो मुलींचं काय? मुलगा वाईट खेळला तरी तो खेळतो. मुलीनं खेळायचं तर उत्तमच खेळावं लागतं, नाहीतर घरी चल, भांडी पडलीत.

सगळे डाव सारखे नाहीत

इथं एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. गटातल्या बायका सांगतात, की नवरा मोबाइलवर रमी खेळून कर्जात बुडाला, मुलगा रात्रभर फोनला चिकटलेला असतो. अशा वेळी खेळाचं कौतुक कशाला? पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्रानं बंदीचा कायदा केला, आणि त्यामागे अशाच घरांचे हाल आहेत. मी त्या खेळांची बाजू घेत नाही. उलट जुन्या खेळांकडे पाहिलं की फरक स्वच्छ कळतो. त्या कपाटाचाही धंदाच होता, पण सौदा उघडा होता. एक रुपया, तीन जीव, संपलं. जिंकलं तर पैसे मिळतील अशी आशा तिथं विकली जात नव्हती. हरल्यावर यंत्र "खेळ संपला" असं स्पष्ट सांगून गप्प बसे. आजचे बरेच खेळ संपतच नाहीत, आणि ते संपू नयेत अशीच त्यांची रचना असते. खेळ आणि फास यांतला हा फरक आपण मुलांना आणि नवऱ्यांनाही समजावून सांगू शकतो, पण त्यासाठी खेळ म्हणजे काय हे आधी आपल्याला ठाऊक हवं.

२०११ साली 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात तिघा लेखिकांनी मुंबईच्या संदर्भात मांडलं, की बाईला रस्त्यावर काही कामाशिवाय रेंगाळण्याचाही हक्क हवा. आपल्या तालुक्याच्या गावांत हाच मुद्दा खेळाला लावायला हवा. दारू, मारहाण, पाणी, रोजगार हे प्रश्न सुटल्यावर मग खेळू, असं म्हणत बसलो तर आपण कधीच खेळणार नाही. ते प्रश्न लढणाऱ्या बाईलाच विसाव्याची आणि हशाची सगळ्यांत जास्त गरज असते.

म्हणून माझ्या सूचना छोट्याच आहेत. प्रत्येक शिबिरात एक तास बिनकामाच्या खेळासाठी ठेवावा. त्यातून नेतृत्वगुण वगैरे काढून दाखवू नये, फळ्यावर निष्कर्ष लिहू नयेत. कार्यालयात एखादा जुना संगणक पडून असेल तर त्यावर ठिपके खाणारं ते पिवळं तोंड बसवावं आणि शेजारी सागरगोटेही ठेवावेत. गावातल्या व्यायामशाळेत, वाचनालयाच्या कॅरम बोर्डावर बायका-मुलींची वेळ मागावी, आणि ती संध्याकाळची मागावी, दुपारी दोनची नव्हे. आणि पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की प्रत्येकीला एकच विचारावं: या आठवड्यात, कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं, फक्त तुला मजा आली असं तू काय केलंस? पहिल्या खेपेला बहुतेकजणी गप्प बसतील. म्हणून तो प्रश्न त्याच्या पुढच्या बैठकीतही विचारावा.